व्हॅनिलाचा भाव आणि बडोद्याचे ऊन

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर अलीकडे व्हॅनिला लागवडीसंबंधी जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात या पिकाचा किलोचा दर ठळक अक्षरांत दिलेला होता आणि शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, उभारल्यास गुजरातमध्येही ही शेती सहज शक्य असल्याचे म्हटले होते. त्या मजकुरात जे आले नाही, ते वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. बडोद्यातील मराठी कुटुंबांत नोकरीतून निवृत्त झालेली, वाघोडिया, पादरा किंवा डभोईच्या बाजूला थोडीफार वडिलोपार्जित जमीन असलेली आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आलेली मंडळी बरीच आहेत, आणि रोपे विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी सध्या नेमक्या याच मंडळींच्या घरी चहा पिऊन जात आहेत. रोपे आमची, मार्गदर्शन आमचे आणि माल परत घेण्याची हमीही आमची, अशी त्यांची भाषा असते. माझ्या नात्यातील एका गृहस्थांनी अशाच एका कंपनीच्या शब्दावर विसंबून वाघोडिया रस्त्याजवळ मांडव उभारला आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

प्रथम दराविषयी. छापून आलेला आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो कोणत्या मालाचा आहे, हे मात्र सांगितलेले नाही. तो दर तयार शेंगेचा, म्हणजे सुकवून आणि मुरवून काळपट तपकिरी झालेल्या, हाताला किंचित तेलकट लागणाऱ्या शेंगेचा आहे. वेलावर जी लोंबते ती हिरवी शेंग असते, तिला व्हॅनिलाचा वास जवळजवळ नसतोच, आणि अशा साधारण ५ ते ६ किलो हिरव्या शेंगांपासून १ किलो तयार माल मिळतो. एकरी हिरव्या शेंगांचे वजन घ्यायचे आणि त्याला तयार शेंगेच्या दराने गुणायचे, असा हिशेब केला की उत्पन्न पाच-सहा पटींनी फुगते; माझ्या पाहण्यात आलेल्या एका माहितीपत्रकात अगदी हेच केलेले होते. शिवाय छाट, म्हणजे लावणीसाठी कापलेला वेलाचा तुकडा, लावल्यापासून वेलाला फुले येण्यास साधारण तीन वर्षे लागतात, फुलापासून पक्व शेंग होण्यास आणखी आठ-नऊ महिने, आणि त्यापुढे मुरवण्यात काही महिने जातात. आजचा दर पाहून लावलेल्या वेलाचा माल चार वर्षांनंतरच्या दराने विकला जाणार, ही साधी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळली नाही.

व्हॅनिला प्लॅनिफोलिया ही आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातील वेल असून मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मध्य अमेरिकेतील दमट जंगले हे तिचे मूळ घर आहे. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील वेराक्रूझ भागातील टोटोनाक लोक तिची शेंग वापरीत, त्यांच्यावर सत्ता मिळवणाऱ्या अ‍ॅझ्टेकांनी ती कोकोच्या पेयात घातली, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर ती युरोपात पोहोचली. युरोपीयांनी पुढे वेलही नेली, काचघरांत वाढवली, तिला फुलेही आली; परंतु शेंग काही धरेना. १८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मोरें या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून शेंगा धरवून दाखवल्या, तरी ती पद्धत मळ्यात रोज वापरण्याजोगी नव्हती. तशी पद्धत सापडली ती १८४१ मध्ये, हिंदी महासागरातील आज रेयुनियों म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटावर, आणि ती शोधून काढणारा एडमंड हा अवघा १२ वर्षांचा गुलाम मुलगा होता.

या फुलात पुंकेसराचा भाग आणि कुक्षी एकमेकांच्या अगदी जवळ असतात, पण त्यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो आणि तो असेपर्यंत परागांचा कुक्षीशी संबंध येत नाही. डाव्या हातात फूल धरायचे, उजव्या हातातील बांबूच्या बारीक काडीने नळीसारखी पाकळी एका बाजूने चिरून खाली सारायची, त्याच काडीच्या टोकाने पापुद्रा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागांचा पिवळट पुंजका कुक्षीवर हलकेच दाबायचा. सराव असलेल्या माणसाला याला काही सेकंदच लागतात. आजही जगातील बहुतेक सर्व व्हॅनिला याच हालचालीवर पिकते. यंत्र आलेले नाही, आणि मधमाश्यांच्या पेट्या ठेवूनही भागत नाही. एडमंडला १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वातंत्र्य आणि अल्बियस हे आडनाव मिळाले, पण ज्या कसबावर बेटावरचे मळेवाले श्रीमंत झाले त्याचा मोबदला त्याला मिळाला नाही आणि १८८० मध्ये तो दारिद्र्यात वारला. व्हॅनिलाच्या धंद्यात पैसा कोणाच्या हाती राहतो, याचा हा पहिला दाखला मानावयास हरकत नाही.

ही हकीकत सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपल्याकडील शेडनेटचा सगळा हिशेब याच काडीशी येऊन अडतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटू लागते. त्या सकाळी त्याला हात लागला नाही तर ते गळून पडते. एका घोसातील फुले एकाच दिवशी उमलत नाहीत, म्हणून बहराच्या काळात रोज सकाळी प्रत्येक वेलीपाशी जावे लागते, रविवार असो वा उत्तरायणाचा सण. कसबी मजूर एका सकाळी हजार-दीड हजार फुले हाताळतो असे सांगतात, पण असा मजूर त्या कामात मुरलेला असतो. वाघोडिया आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांत बारमाही काम मिळत असताना वर्षातील दीड-दोन महिने, तेही फक्त सकाळी, इतके नाजूक काम करायला कोण येणार, याचे उत्तर आमच्या नातेवाइकांना कंपनीने दिलेले नाही. ‘तुम्ही घरचेच चार जण शिका,’ असे मात्र सांगितले. घरचे चार जण म्हणजे सत्तरीचे पती-पत्नी, आणि मुले कॅनडात.

आता हवामानाचे पाहू. या वेलीला साधारण २० ते ३२ अंश तापमान, हवेत भरपूर ओलावा, वर्षभर विखुरलेला पाऊस आणि अर्धी सावली मानवते; फुले धरण्यासाठी मध्ये दोनेक महिन्यांचा कोरडा ताण चालतो, किंबहुना तो लागतोच. बडोद्यात पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि कोरडा ताण आठ महिने टिकतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, लू वाहते, आणि जानेवारीच्या रात्री बरीच थंडी पडते. शेडनेटने ऊन निम्मे होते हे खरे, पण जाळीतून येणारी कोरडी, तापलेली हवा तशीच राहते. मग पाण्याचे धुके उडवणारे फॉगर लावायचे, आणि फॉगर म्हणजे बोअरचे क्षारयुक्त पाणी.

मी तो मांडव मे महिन्यात पाहिला. सिमेंटच्या खांबांना नारळाचा काथ्या गुंडाळून त्यावर वेली चढवलेल्या होत्या आणि लांबून सारे हिरवे दिसत होते. जवळ गेल्यावर पानांवर क्षारांचा पांढरा थर दिसला, बोटाने घासला तरी न निघणारा. शेंड्यांची टोके पिवळी पडून वळलेली होती, आणि काही वेलींचा जमिनीलगतचा भाग तपकिरी होऊन मऊ पडला होता. हे शेवटचे लक्षण मला सर्वांत चिंतेचे वाटले. फ्युजॅरियम बुरशीमुळे होणारी मूळकूज हा या पिकाचा जगभरातील मोठा शत्रू आहे, आणि वेली बियांपासून न वाढवता एकमेकींच्या छाटांपासूनच वाढवल्या जात असल्याने जनुकीयदृष्ट्या त्या जवळजवळ एकसारख्या असतात. एकीला जी बाधा होते ती शेजारणीला न होण्याचे कारण उरत नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने मूळकुजीला ‘सेटिंगचा काळ’ असे नाव दिले आणि नवी रोपे सवलतीत देऊ केली.

केरळ आणि कर्नाटकात व्हॅनिला पिकलीच ना, असा प्रश्न कोणी विचारील. पिकली, पण कशी, ते लक्षात घेतले पाहिजे. इडुक्की, कोडगू, दक्षिण कन्नड, उत्तर कन्नड, शिवमोगा या भागांत ती मुख्यतः सुपारीच्या, नारळाच्या किंवा कॉफीच्या बागेत आंतरपीक म्हणून लावली गेली. तेथे सावली आधीपासून होती, ओलावा होता, पालापाचोळा होता, आधाराला गिरिपुष्पाचे झाड दोन पावसांत उभे राहत होते आणि बागेत रोज फिरणारी माणसे होती. व्हॅनिला गेली तरी सुपारी राहत होती. आपल्याकडे मात्र लोखंडी सांगाडा, जाळी, ठिबक, फॉगर, काथ्या आणि रोपे असा लाखोंचा खर्च या एकाच पिकाच्या भरवशावर केला जातो. सरकारकडून शेडनेटसाठी अनुदान मिळते, त्यावरून सरकारने या पिकालाच पसंती दिली आहे असा समज करून घेण्यात येतो किंवा करून दिला जातो. वस्तुतः अनुदान सांगाड्याला असते, त्याखाली लावलेल्या पिकाच्या नफ्याची ती ग्वाही नव्हे.

आणि तरीही दक्षिणेतील शेतकरी पोळलेच. २००० च्या एप्रिलमध्ये हुदा चक्रीवादळाने मादागास्करच्या ईशान्य भागातील व्हॅनिलाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. जगाचा बहुतांश पुरवठा तेथूनच होत असल्याने भाव चढत गेले आणि २००३ च्या सुमारास तयार शेंग किलोला ५०० डॉलरच्या आसपास पोहोचली. केरळ-कर्नाटकात तेव्हा हिरव्या शेंगेला किलोमागे ३००० रुपयांच्या वर भाव मिळाल्याच्या बातम्या होत्या. वेलींच्या छाटा मीटरवर विकल्या जात होत्या, आणि बागेत रात्रीचा पहारा बसवावा लागत होता. दोन-तीन वर्षांत तीच हिरवी शेंग १०० रुपयांच्या खाली आली. अनेकांनी वेली उपटून टाकल्या. ज्यांनी चढत्या काळात छाटा विकल्या ते फायद्यात राहिले, आणि ज्यांनी त्या विकत घेऊन शेंगांची वाट पाहिली ते बुडाले. आज बडोद्यात छाटा विकणारे कोण आणि वाट पाहणारे कोण, हे वाचकांनी स्वतःच ताडून पाहावे.

पुढे हेच चक्र पुन्हा फिरले. २०१७ च्या मार्चमध्ये मादागास्करला एनावो वादळाने झोडपले, आणि २०१८ पर्यंत भाव किलोला ६०० डॉलरपर्यंत जाऊन चांदीच्या वर गेले. मादागास्करमधील शेतकरी त्या काळात चोरी ओळखू यावी म्हणून वेलावरच्या हिरव्या शेंगेवर टाचण्यांनी टोचून आपली खूण उमटवत. ती खूण शेंग वाळल्यावरही दिसते. चोरीच्या धास्तीने शेंगा कोवळ्याच तोडल्या जाऊ लागल्या, आणि कोवळ्या शेंगेत सुगंधाचा ऐवज कमी असल्याने मालाची प्रत घसरली. तेथील सरकारने २०२० मध्ये निर्यातीसाठी किलोला २५० डॉलर हा किमान दर ठरवला, २०२३ मध्ये तो बंधनातून काढला, आणि भाव पुन्हा गडगडले. आपल्या पानावर आलेला दर या चढउतारातील कोणत्या वर्षाचा आहे, हे मजकुरात नव्हते. मला तो जुन्या चढाच्या काळातला वाटतो.

भाव असा का कोसळतो, याचे उत्तर शेताबाहेर आहे. व्हॅनिलाच्या वासातील मुख्य द्रव्य व्हॅनिलीन हे १८५८ मध्ये निकोला-तेओदोर गोब्ली यांनी शेंगेतून वेगळे काढले, आणि १८७४ मध्ये टीमान व हारमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी ते पाइनच्या सालीतील द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवले. पुढे कागद गिरण्यांच्या लाकडाच्या टाकाऊ द्रावातून ते निघू लागले, आणि आज त्याचा मोठा भाग ग्वायाकॉल या खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनातून तयार होतो. जगात व्हॅनिलाच्या नावाने जो स्वाद चाखला जातो, त्यातील एक टक्क्याहूनही कमी भाग खऱ्या शेंगेतून येतो असे सामान्यतः मानले जाते. शेंग महागली की आइस्क्रीम आणि बिस्किटांचे मोठे उत्पादक व्हॅनिलीनकडे वळतात, आणि शेंग स्वस्त झाली म्हणून ते लगेच परततात असे नाही.

म्हणूनच ‘गुजरात हे आइस्क्रीमचे राज्य, तेव्हा गिऱ्हाईक दारातच आहे’ हा युक्तिवाद मला फसवा वाटतो. आपल्याच घरातील व्हॅनिला आइस्क्रीमचा डबा वाचकांनी एकदा चष्मा लावून वाचावा. झाकणावर बहुधा पिवळसर फूल आणि दोन काळ्या शेंगा असतात, आणि मागे बारीक अक्षरांत ‘नेचर आयडेंटिकल’ (निसर्गातल्यासारखाच, पण कारखान्यात बनवलेला) किंवा ‘आर्टिफिशियल’ स्वाद घातल्याचे लिहिलेले असते. त्यात अपायकारक काही आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुरणपोळी आणि श्रीखंडावर वाढलेल्या पिढीला शेंगेतील शेकडो सूक्ष्म द्रव्यांचा फरक कळेल की नाही, याचीही मला शंका आहे. पण जो कारखानदार थोड्या पैशांच्या भुकटीत आपले काम भागवतो, तो वाघोडियाची शेंग हजारोंच्या दराने का घेईल?

राहता राहिला तो मुरवण्याचा भाग. त्याला ‘मूल्यवर्धन’ असे भारदस्त नाव देऊन एका ओळीत गुंडाळले जाते. पक्व हिरव्या शेंगा ६३ ते ६५ अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे तीन मिनिटे बुडवतात, लगेच लोकरी कापडात गुंडाळून पेटीत घाम आणवतात, मग कित्येक दिवस रोज काही तास उन्हात आणि उरलेला वेळ गुंडाळून, त्यानंतर काही आठवडे सावलीत, आणि शेवटी बंद पेटीत महिनोनमहिने ठेवतात. या काळात शेंगेतील विकरे काम करून व्हॅनिलीन मोकळे करतात. उत्तम शेंगेतही ते वजनाच्या दोनेक टक्केच भरते. पाणी फार तापले किंवा एखादी ओलसर शेंग पेटीत राहून बुरशी धरली, तर सगळी पेटी जाते. आपल्या शेजारच्या आणंद-नडियादकडील चरोतर पट्ट्यात तंबाखूचे पान कमावणाऱ्या घरांत ही नजर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहे; व्हॅनिलासाठी ती चार दिवसांच्या प्रशिक्षणात येईल, असे मला वाटत नाही. माहितीपत्रकात पुढे ‘अर्क काढून विक्री करा’ असाही सल्ला होता. व्हॅनिलाचा अस्सल अर्क शेंगा मद्यार्कात भिजवून काढतात, आणि आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो. मद्यार्क कोणत्या परवान्यावर आणायचा, हे त्या सल्लागारानेच सांगितले असते तर बरे झाले असते.

सरतेशेवटी माल परत घेण्याच्या हमीविषयी. आमच्या नातेवाइकांचा करार मी स्वतः वाचला. त्यात शेंग ‘चालू बाजारभावाने’ घेतली जाईल असे म्हटले आहे. गुजरातमधील कोणत्याही मार्केट यार्डात व्हॅनिलाची बोली लागत नाही, तेव्हा चालू बाजारभाव म्हणजे खरेदीदार सांगेल तो. माल हिरवा घ्यायचा की तयार, ओलावा किती चालेल, व्हॅनिलीनचे प्रमाण कोण तपासणार, आणि माल नाकारल्यास दाद कोठे मागायची, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. रोपांची रक्कम मात्र आगाऊ आणि परत न मिळणारी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात अशाच परतखरेदीच्या हमीवर शेकडो घरे अडचणीत आली, हे महाराष्ट्राशी नाते राखून असलेल्या बडोदेकरांना ठाऊक आहेच. ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत, त्यांनी तरी करारात हिरव्या शेंगेचा किमान दर आकड्यात लिहून मागावा आणि सही करण्याआधी आणंद कृषी विद्यापीठातील किंवा मसाला मंडळातील जाणकारांचे मत घ्यावे. किमान दर लिहून देण्यास प्रतिनिधी तयार होतो की विषय बदलतो, एवढ्यावरूनही बरेच कळेल.

ज्यांना हौस आहे, त्यांनी घराच्या ओट्याजवळ, आंब्याच्या सावलीत एक-दोन वेली जरूर लावाव्यात. वेल देखणी असते, आणि नशिबाने फूल आलेच तर काडीचा प्रयोग नातवंडांना दाखवता येईल. माझा विरोध वेलीला नाही, निवृत्तीची पुंजी तिच्यावर लावण्याला आहे.

आपणांस विनंती एवढीच की, यापुढे अशा पिकांविषयी लिहिताना दर हिरव्या मालाचा की तयार मालाचा, तो कोणत्या वर्षाचा, आणि लेखकाचा रोपविक्रीशी काही संबंध आहे काय, हे मजकुरातच नमूद करावे. आणि एखादा मजकूर पैसे घेऊन छापलेला असल्यास त्यावर ‘जाहिरात’ हा शब्द दराच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत असावा.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे